दहाबोट्या आणि बहिणीचा प्रबंध

कॉलेजच्या मागच्या गल्लीत टायपिंगचं एक दुकान होतं. मालकाला सगळे दहाबोट्या म्हणत, कारण त्याची दहाही बोटं किबोर्डवर पत्र्यावर गारा पडाव्यात तशी पडायची. तीस वर्षांत त्यानं कितीतरी प्रबंध टाइप केले, पण एकाही तळटीपेचा आकडा कॉम्प्युटरला घालू दिला नाही. "त्यानं चुकवला तर शिव्या कुणाला, कॉम्प्युटरला?" म्हणायचा आणि सगळे आकडे हातानं घालायचा.

त्याची धाकटी बहीण शाळेत शिकवायची. सात वर्षं घासून तिनं पाचशे पानांचा प्रबंध उभा केला होता आणि तो भावाकडेच टाइप होत होता. विद्यापीठात द्यायला नऊ दिवस उरले होते. तारीख चुकली तर नोंदणी रद्द. अशात मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच पानावर एक टीप वाढवली, आणि पुढच्या सहाशे टिपांचे आकडे सरकवायची पाळी आली.

"दादा, मी दुसरं सॉफ्टवेअर घेतलंय. प्रकरणागणिक वेगळी फाइल, आकडे आपोआप लागतात. दोन प्रकरणं हलवलीसुद्धा."

"ते? ज्यात पान दिसतच नाही, नुसत्या तिरक्या रेघा नि कंस?"

"छापल्यावर दिसतं."

"म्हणजे मी मेलो तुला!"

"तू कशाला मरतोस? तुझ्या हट्टापायी माझी सात वर्षं मरताहेत."

बाकीच्या प्रकरणांचा पेन ड्राइव्ह लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होता. तिनं हात घातला. दहाबोट्यानं लाथेनं खण बंद केला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. ती किंचाळली, तरी त्यानं खणावर दुसरी लाथ घातलीच. मग किबोर्ड भिंतीवर आपटला. बटणं फरशीवर दातांसारखी विखुरली. समोरचा बाइंडर धावत आला, त्यानं दहाबोट्याला मानगुटीला धरून भिंतीवर रेटलं आणि दोन कानाखाली ठेवून दिल्या.

"माणूस आहेस की कसाई?"

तिची तीन बोटं मोडली होती. दुसऱ्या सकाळी ती प्लास्टर घालूनच दुकानात आली.

"पोलिसांत जाऊ, की टाइप करतोस? माझ्या सॉफ्टवेअरमध्ये."

उरलेल्या दिवसांत पाचशे पानं उरकणारा दुसरा हात गावात नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. नवा किबोर्ड आला. ती सांगत गेली, तो मारत गेला. तिरकी रेघ. कंस उघड. कंस बंद. तिसऱ्या दिवशी तो एक कंस विसरला आणि सॉफ्टवेअर अख्खं प्रकरण छापायला नकार देऊन बसलं. तिनं शाबूत हातानं पोलादी पट्टी उचलली आणि तिची कड त्याच्या बोटांवर सपकन ओढली. रक्त आलं. त्यानं ते पँटला पुसलं आणि कंस बंद केला.

शेवटच्या दिवशी ऋणनिर्देश राहिला होता. मार्गदर्शक बाई, ग्रंथपाल, हाड बसवणारे डॉक्टर, बाइंडर. तो प्रत्येकाचं नाव टाइप करत गेला. मग त्याची बोटं थांबली.

"एवढंच?"

"एवढंच. छाप."

त्यानं छापलं. गरम पानं एका हातानं छातीशी कवटाळून ती रस्ता ओलांडून बाइंडरकडे गेली.