आजोबा पिंजऱ्यात का होते

तुम्ही दोघांनी हा प्रश्न फोनवर तीनदा विचारलात आणि तिन्ही वेळा तुमच्या आजोबांनी "आवाज येत नाही, आवाज येत नाही" म्हणत फोन माझ्या हातात दिला. आवाज त्यांना उत्तम येत होता. तेव्हा काय झालं ते मी क्रमाने लिहूनच पाठवते, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

सुट्टी संपवून तुम्ही निघालात तेव्हा रिक्षात बसताना ताईने माझ्याकडून वचन घेतलं होतं की, पुढच्या वेळी येऊ तेव्हा दोन्ही ससे याच घरात हवेत. मी हो म्हणाले. ससा म्हणजे काय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, गाजर खाणारी उशी.

सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, हे मी नंतर वाचलं. पहिल्या महिन्यात पांढऱ्याने केरसुणी संपवली. करड्याने आजोबांच्या चपला खाल्ल्या, पण दोन जोडांमधली फक्त डावी डावी. त्यामुळे आजोबांकडे दोन उजव्या चपला उरल्या आणि त्या घालून ते चार दिवस भाजी आणायला गेले, कारण फेकायच्या कशा, चांगल्या आहेत. तेही त्यांनी सोसलं. पण क्रिकेटचा सामना रंगात आलेला असताना टीव्ही बंद पडला आणि टीव्हीच्या मागून वायरचा तुकडा तोंडात धरून पांढरा बाहेर आला, तेव्हा मात्र आजोबांनी पिंपळगाव रेणुकाईला आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे तुमच्या आत्याआजीला फोन लावला.

"अक्का, दोन जनावरं आहेत. घेऊन जा."

"येते की रईवारी. पोतं घेऊन येते."

आत्याआजीकडे शेतावर चार कुत्री आहेत. त्यांनी आजवर ससा फक्त पळतानाच पाहिला आहे.

त्या शुक्रवारी रात्रीच्या जेवणानंतर मी आजोबांना सांगितलं, "मी नातीला शब्द दिलाय. आपण पिंजरा करू."

ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "मजबूत होणार असेल तर राहू देत. पण मजबूत म्हणजे माझ्या मताने मजबूत."

आजोबांची सगळी नोकरी एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये गेली, जिथे घरांच्या स्लॅबमध्ये घालायच्या लोखंडी सळ्या तयार होतात. मजबूत या शब्दाचा त्यांच्यापुरता एकच अर्थ आहे.

मी आलेखाच्या कागदावर चार पानांचा आराखडा केला. पहिल्या पानावर समोरची बाजू, दुसऱ्यावर आडवी बाजू, तिसऱ्यावर सामानाची यादी आणि चौथ्यावर दार. यादीत स्पष्ट लिहिलं होतं: अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्ड केलेली जाळी. पण दुसरा दिवस शनिवार निघाला. तुमचे आजोबा मांजर आडवं गेलं तरी थांबत नाहीत, उपास करत नाहीत, अमावास्येला खुशाल दाढी करतात. फक्त शनिवारी घरात लोखंड आणत नाहीत.

"अहो, साधी जाळी आहे ती," मी म्हणाले.

"ज्याच्या जिवावर आपण जेवलो, त्याचा एक वार पाळायला नको?"

"आणि उद्या तुमची बहीण पोतं घेऊन येईल त्याचं काय?"

त्यावर त्यांनी गच्चीकडे बोट केलं. पाण्याच्या टाकीचं काम झालं तेव्हाच्या सळ्या वर पडून होत्या. "घरातलंच आहे. आणायचं कुठे?"

जाळीऐवजी सळ्या वापरायच्या तर दोन सळ्यांमध्ये अंतर किती ठेवायचं, हे ठरवणं माझ्याकडे आलं. मी शिवणाची टेप घेतली, सशांना एकेक करून मांडीवर घेतलं आणि पोटाचा घेर मोजला. सोळा इंच. त्याला बावीस सप्तमांशाने भागलं. जाडी पाच इंचांहून थोडी जास्त आली. म्हणजे चार इंचांची फट ठेवली की ससा बाहेर पडणं अशक्य. मी पुन्हा एकदा भागाकार करून पाहिला, खाली रेघ मारली आणि कागद आजोबांना दिला.

शनिवारी दिवसभर व्हरांड्यात कटर किंचाळत होता. स्लॅबच्या सळ्या बांधतात तसं त्यांनी प्रत्येक जोडाला तार घातली आणि हूक अडकवून पिळली. पाच फूट लांब, तीन फूट रुंद, साडेतीन फूट उंच. संध्याकाळी त्यांनी एका बाजूला पाय रोवून हिसका दिला. पिंजरा हलला नाही. आम्ही दोघांनी मिळून ढकलला. तरी हलला नाही.

"याच्यावर मजला चढवता येईल," ते म्हणाले.

दाराची जागा मोकळी होती, तिथे मी पाट आडवा लावला आणि ससे आत सोडले. पांढऱ्याने एक फेरी मारली, समोरच्या दोन सळ्यांमध्ये तोंड घातलं आणि बाहेर आला. घाई नाही, धडपड नाही. रांगेत उभं राहून नंबर यावा तसा मागून करडा आला. आजोबांनी त्यांना पुन्हा आत ठेवलं. ते पुन्हा बाहेर आले, या वेळी वेगवेगळ्या बाजूंनी. सोळा इंचांतले निम्मे इंच नुसते केस होते.

रविवारी दुपारी आत्याआजी आली. एका हातात पिशवी, एका हातात पोतं. व्हरांड्यात आली तेव्हा पांढरा पिंजऱ्यातून आरपार जात होता.

"काय करून राह्यलास रे हे?" तिने भावाला विचारलं.

"पिंजरा आहे, अक्का."

"पिंजरा? मला वाटलं, सशांसाठी मांडव घातला."

मी तिला माझा भागाकार दाखवला. म्हटलं, "वन्सं, घेर मोजूनच अंतर ठेवलं होतं." तिने कागद उलटा धरून पाहिला, सरळ धरून पाहिला आणि मला परत दिला.

"अगं माय, पोट कशाला मोजलंस? डोस्कं मोजायचं! जिथं डोस्कं जातं तिथं बाकीचं जनावर मागून येतं. आपल्या बापानं मेंढरं राखली, याला बी ठाव न्हाई?" तिने मूठ वळून दोन सळ्यांमधून आत-बाहेर केली. "मूठ गेली की कोकरू गेलं. एवढी शिकलेली तू, आन् मूठ न्हाई तुला?"

मग तिने पोतं झटकलं. "साडेसहाची येष्टी हाय माझी. द्या इकडं."

खरं तर आजोबांना हेच हवं होतं. ससे पोत्यात, टीव्ही सुरू. पण बहिणीने त्यांच्या बांधणीला मांडव म्हटलं होतं. ते उठले, दोन उजव्या चपला घातल्या आणि बाजारातून माझ्या यादीतली अर्ध्या इंचाची जाळी घेऊन आले. तारेचे तुकडे त्यांनी बाहेर बसूनच पकडीने कापून घेतले आणि हूक घेऊन पिंजऱ्यात शिरले. जाळी आतून लावायची, म्हणजे सशांना ढकलून काढता येत नाही, असं माझ्या तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं. तेवढं त्यांनी वाचलं होतं.

मी आणि आत्याआजी चहा करायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा काम पुरं झालं होतं. चारही बाजू, वरचं छत, सगळीकडे जाळी ताणून बसवलेली. आजोबा मधोमध उकिडवे बसून कपाळाचा घाम पुसत होते.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"उत्तम," मी म्हणाले. "पण तुम्ही बाहेर कसे येणार?"

त्यांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. दाराची मोकळी जागाही त्यांनी जाळीने बंद केली होती.

"चौथं पान पाहिलं नाहीत?"

"स्लॅबला दार नसतं," ते म्हणाले.

आत्याआजी पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी बाहेर पडलेली पकड उचलली, तर तिने माझा हात धरला. "ठिव ती. आता बराबर कळंल मजबूत हाय का न्हाई." मग भावाकडे वळून म्हणाली, "निघून दाखव. निघालास, तर ससे माझ्या पोत्यात. न्हाई निघालास, तर बिलकुल हात लावणार न्हाई त्यांना."

"अक्का, वय काय माझं!"

"सशापरीस ज्यादा हाय. चल, लाग कामाला."

आजोबांनी खांदा लावला. पाठ लावली. मग उताणे झोपून दोन्ही पायांनी छताला रेटा दिला. ससे बाहेर कोथिंबीर खात बसले होते, मधूनमधून मान वर करून पाहत होते. नेमक्या त्याच वेळी तुमचा व्हिडिओ कॉल आला. ताईने विचारलं, "आजी, आजोबा आत का, आणि ससे बाहेर का?" मी काही बोलायच्या आत आत्याआजी फोनमध्ये तोंड घालून ओरडली, "तपासणी चालू हाय!" आणि तुमच्याकडचं चित्र गेलं.

सव्वासहाला आजोबांनी जाळीला टेकून जाहीर केलं, "नाही निघत."

मी पकडीने दाराजवळच्या तारा तोडल्या आणि ते रांगत बाहेर आले. आत्याआजीने शब्द पाळला. पोत्यात तिने आमच्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा भरल्या आणि एसटी गाठली.

एक गोष्ट राहिली. हूक सबंध वेळ आजोबांच्या खिशात होता. तारेचा पीळ ज्या हुकाने बसतो, तोच उलटा फिरवला की सुटतो. हे ज्याला कळत नाही, असा माणूस रोलिंग मिलच्या आसपास सापडायचा नाही. मी रात्री त्यांना तसं म्हटलं.

"लक्षातच आलं नाही," ते म्हणाले आणि टीव्ही मोठा केला.

आता पिंजऱ्याला चौथ्या पानाबरहुकूम दार आहे आणि दोन्ही ससे आत आहेत. पिंजरा मात्र बांधला तिथेच, व्हरांड्यात पुढच्या दारासमोर आहे आणि तिथेच राहील, कारण तो कोणालाच हलवता येत नाही. त्यामुळे घराचं दार अर्धंच उघडतं. याल तेव्हा बॅगा लहान आणा. आत शिरताना आधी डोकं घाला, बाकीचं मागून येतं.