माडावरून पाहिलेले सिनेमे

दिवेआगरात आमच्या वाडीतले नारळ पाडायला येणारे काका साठी उलटली तरी माडावर सरसर चढतात आणि शेंड्यावरूनच वाद घालतात. "सिनेमे सत्तरच्या दशकातलेच! मान्य करा, तरच कोयता चालवतो." माझं मत नव्वदला. मीही खालून हटत नाही. मग ते वरून एकेक जबरदस्त संवाद फेकतात. त्यातला एकही मला कुठल्या सिनेमात सापडलेला नाही. परवा विचारलंच.

"सापडंल कसा? उघड्यावर कनात लावून सिनेमा दाखवायचे. आमी माडावरनं फुकट बघायचो. पडदा दिसायचा, आवाज न्हाय यायचा. डायलॉग माझेच हायत."

"आणि नव्वदचे?"

"ते तिकीट काढून, खुर्चीत बसून बघितले. तितके न्हाय जमले."

कोयता अजून कमरेलाच होता. मी मान्य करून टाकलं.