न चिरलेली पिशवी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार नानांचे. पारोळ्याच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा परिचर होते. कांद्याचा पापुद्रा काचेवर कसा पसरायचा, दुसरा डोळा न मिटता सूक्ष्मदर्शकात कसं बघायचं, हे त्यांनी दाखवलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. प्रवेशाचे कागद घेऊन धुळ्याला माझ्याबरोबर तेच आले. आज मी इथे धुळ्यात पॅथॉलॉजी शिकतो आहे तो त्यांच्यामुळे.

मागच्या हिवाळ्यात अक्कांचं, म्हणजे नानांच्या पत्नीचं, जळगावला पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. खड्यांचं म्हणूनच. काढलेली पिशवी फॉर्मालिनच्या बरणीत घालून डॉक्टरांनी नानांच्या हाती दिली, तपासून घ्या म्हणाले. मी तेव्हा रजेवर होतो आणि दुसऱ्या कोणाकडे ती द्यायला नानांचं मन धजेना. त्यांनी झाकणाला मेण लावलं, शाळेतल्यासारखी चिठ्ठी चिकटवली आणि बरणी आठ दिवस फडताळात ठेवली. मग मांडीवर घेऊन बसने आले.

उशिराबद्दल विचारलं तर हसले. "तीस वरीस बेडूक खराब नही व्हयना, भाऊ. हाई आठ दिनमा काय व्हई?"

शाळेतला बरणीतला बेडूक नुसता बघायचा असायचा. पित्ताची पिशवी मात्र चिरून ठेवावी लागते, नाहीतर आतलं पित्तच अस्तराला खात राहतं. ही बंदच होती. मी ती घेऊन आत गेलो.

तपासणीत कर्करोग निघाला. अस्तर बरंच विरघळलं होतं, पण बाहेरची भिंत शाबूत होती आणि रोग स्नायूच्या थरापलीकडे गेलेला स्पष्ट दिसत होता. म्हणजे दुसरं, मोठं ऑपरेशन हवं. ते नानांना सांगताना फोनवर मी एक जास्तीचं बोलून बसलो. माझा प्रबंध याच रोगावर आहे. पेशीच्या अंगावर वाढीचा निरोप झेलणारे रिसेप्टर असतात. ते फार असले तर रोग जास्त आडदांडपणा करतो का, हे मी तुकड्यांवर रंग देऊन पाहतो. अक्कांचंही बघतो, म्हणालो, पुढचं कळेल. शिकलेलं दाखवायची हौस, दुसरं काय.

नानांनी या मोठ्या ऑपरेशनसाठी नाशिकच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख पुढे ढकलली. तुझा रंग येऊ दे, मग ठरवू, म्हणाले. रोज फोन यायचा. "बठ्ठं बरं शे ना?" सगळं बरं आहे ना, एवढंच विचारायचे.

रंग आलाच नाही. क्षणभर मला आनंद झाला. रिसेप्टर नाहीत, बरं झालं. मग त्याच तुकड्यातल्या नसेभोवतीच्या पेशी पाहिल्या. त्या एरवी रंग घेतात. त्याही कोऱ्या. सोबत लावलेली दुसऱ्या रुग्णाची काच मात्र नीट रंगली होती. म्हणजे उत्तर 'नाही' असं नव्हतं, उत्तरच नव्हतं. आमचे जुने तंत्रज्ञ काच बघून म्हणाले, "तुमच्या नानांनी लोणचं मुरवलंय, डॉक्टर." मी हसलो, आणि माझाच राग आला.

दोन दिवस मी नानांचा फोन उचलला नाही. 'कमी आहे' एवढं म्हटलं असतं तर ते खूश झाले असते आणि कदाचित ऑपरेशनच नको म्हणाले असते. खरं कारण सांगताना त्यांच्या बरणीवर बोट ठेवावं लागणार होतं. फोनवर धड बोलता येणार नाही हे कळल्यावर पत्र लिहिलं आणि पारोळ्याला रोज जाणाऱ्या एका ओळखीच्या शिक्षकांच्या हाती दिलं.

"नाना, नमस्कार.

काचेवर रंग आला नाही. रोग सौम्य आहे म्हणून नाही. तुकड्यात रंग धरायची ताकदच उरली नव्हती. पिशवी न चिरता आठ दिवस राहिली. हे तुम्हाला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. तुम्ही शाळेत करायचात तेच केलंत.

दुसरी चूक सगळी माझी. रंग आला असता तरी अक्कांचं पुढे काय होणार ते त्यानं सांगितलं नसतं. आम्ही पुष्कळ रुग्णांचा मिळून कल शोधतो, आणि तोही अजून नक्की हाती लागलेला नाही. मी बढाई मारली आणि तुम्ही थांबलात.

भिंतीत जे दिसलं त्याबद्दल शंका नाही. ऑपरेशन लवकर करायला हवं. नाशिकला फोन करून मी सोमवारची वेळ घेतली आहे. रविवारी सकाळी धुळ्याच्या स्टँडवर उभा राहतो, पुढे तुमच्याबरोबर येतो. रिपोर्टची फाइल या वेळी माझ्याकडे राहू द्या. अक्कांना बस लागते, त्यांना पुढच्या बाकावर बसवा."