तिघांचे तीन हुकूम

डेपोत तिला सगळे कप्तान म्हणत. अंगानं किडकिडीत, उंची बेताची. पाठीमागे उशी घेतल्याशिवाय पाय ब्रेकवर धड पोचत नसत. पण एकदा का ती स्टिअरिंगवर बसली की बसमधले भले भले सुतासारखे सरळ येत. कुणाची जुंपली तर ती ओरडत नसे. बस कडेला घ्यायची, इंजिन बंद करायची आणि आरशातून नुसती बघत राहायची. "चालू द्या तुमचं, मला काही घाई नाही," एवढंच म्हणायची. मग बाकीचे प्रवासीच त्या दोघांवर तुटून पडत.

घरी मात्र राज्य आत्याचं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात आत्या, कप्तान आणि तिचा थोरला भाऊ, अशी तीन माणसं. भावाला ती दादा म्हणे. दादा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. छापायला जाणाऱ्या कागदावरचा चुकलेला काना-मात्रा त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि बोलताना शब्द चुकला तर आत्यालासुद्धा तो हळूच दुरुस्त करी. आत्या म्हणे, "मेले तरी हा माझ्या निधनाच्या बातमीत चुका काढत बसेल."

दादाचं मन अधूनमधून आजारी पडे. औषधं चालू होती, डॉक्टर चांगले होते, वर्षातले बहुतेक दिवस तो तुमच्याआमच्यासारखाच असे. पण कधीतरी झोप उडायची, आणि मग जग त्याच्या अंगावर यायला लागायचं. आवाज बोचायचे, उजेड खुपायचा, भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटायच्या. अशा वेळी कप्तान त्याच्या खोलीबाहेर जमिनीवर बसून राही. तास दोन तासांत वादळ ओसरे.

एका दुपारी ते वादळ आलं तेव्हा कप्तान बसवर होती आणि आत्या डोळे तपासायला गेली होती. दादानं कपाट ओढून दाराला लावलं, ताटं फोडली, ओरडायला लागला. खालच्या मजल्यावरचे काका घाबरले. माणूस मनाचा वाईट नव्हता. दादा जिवाचं काही बरंवाईट करून घेईल या भीतीनं त्यांनी पोलिसांना फोन लावला. तीन पोलीस आले आणि त्यांनी दार फोडलं. कप्तान पोचली ती थेट इस्पितळात. दादाचा उजवा हात कोपरापासून मोडला होता. ज्या हातानं तो चुका दुरुस्त करायचा, तोच.

"पडलास का रे?" तिनं विचारलं.

"पाडलं," दादा म्हणाला. शब्द दुरुस्त करायची सवय तिथंही गेली नव्हती.

ती तक्रार द्यायला चौकीवर गेली. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चौकशी करतो." पुढं प्रत्येक खेपेला तेच उत्तर. प्रकरण भिजत पडलं. दादाचा हात जुळला, पण पेन धरला की थरथरायचा.

अशी प्रकरणं एकट्या त्यांचीच नव्हती. शहरात मोर्चे निघाले, सभा झाल्या, वर्तमानपत्रांतून ओरड झाली. शेवटी सरकारला एक नागरिक समिती नेमावी लागली. समितीतले लोक पोलीस खात्यातले नसतील, न कळवता कुठल्याही चौकीत जाऊ शकतील, तक्रारी आणि चित्रफिती तपासतील, आणि पोलिसांना त्यांना उत्तर द्यावंच लागेल, असं ठरलं. सामान्य माणसांनी अर्ज करावेत असं जाहीर झालं. कप्ताननं अर्ज केला.

"तू पोलिसांवर नजर ठेवणार?" आत्या म्हणाली. "गॅसवरच्या दुधावर ठेवता येत नाही तुला!"

मुलाखत घ्यायला समितीच्या अध्यक्षा होत्या. निवृत्त न्यायाधीश, पांढरे केस, बारीक आवाज, आणि समोरच्याचं बोलणं पुरतं संपेपर्यंत तोंड न उघडण्याची सवय. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "ताई, तुमच्या भावाचं प्रकरण मी वाचलंय. सूड घ्यायला येताय का?"

कप्ताननं टेबलावरच्या आपल्या अर्जाकडं बघितलं. मग म्हणाली, "अर्ज भरला तेव्हा हो. आता इथं बसल्यावर नक्की सांगता येत नाही."

"नाही म्हणाला असतात तर मी तुम्हाला घेतलं नसतं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पण भावाच्या प्रकरणात तुम्ही त्या खोलीत बसायचं नाही. कबूल?"

"कबूल."

सुट्टीच्या दिवशी ती चौक्या बघत हिंडू लागली. कोठडीतल्या माणसाला पाणी मिळालं का, डॉक्टरला दाखवलं का, घरी कळवलं का, हे विचारायचं काम. पहिल्या दिवशी गजांसमोर उभी राहिली तेव्हा तिनं समितीचं ओळखपत्र दोनदा चाचपून बघितलं. हे दार आपल्यासाठी, बस चालवणाऱ्या बाईसाठी, उघडतंय यावर तिचा विश्वास बसेना. आतला माणूसही तिच्याकडं तसाच बघत होता. "तुम्ही कोण?" त्यानं विचारलं. तिला काय सांगावं कळेना. "मी गावातलीच," ती म्हणाली. त्या माणसानं मान डोलावली, जणू एवढी ओळख पुरे होती.

तिला बाकीचंही दिसलं. बाकावर डबा उघडा ठेवूनच पेंगणारा ठाणे अंमलदार. लेकीच्या तापाची चौकशी करत फोनला चिकटलेली शिपाई बाई. खवचटपणे "या, या, तपासणीबाई" म्हणणारेही दिसले. राग होता तो गेला नाही; पण आता त्या रागाला चेहरे आले होते, आणि चेहऱ्यांवर एकसारखा राग धरता येईना.

मग एक दिवस दादाच्या प्रकरणाची चित्रफीत कुटुंबाला दाखवायची वेळ आली. पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यानं ती टिपली होती. कप्तान समितीची म्हणून नव्हे, बहीण म्हणून दादाशेजारी बसली. पडद्यावर दार कोसळलं, दादा कोपऱ्यात उभा दिसला, एकच गलका झाला, एका उंच हवालदारानं झेप घेतली आणि कॅमेरा छताकडं वळला. कप्ताननं डोळे मिटून घेतले.

दादा म्हणाला, "मागं घ्या."

मागं घेतली. "पुन्हा एकदा," तो म्हणाला. तो पुढं झुकून, डोळे बारीक करून बघत होता, कच्च्या छपाईचा कागद बघावा तसा. मग न्यायाधीशबाईंकडं वळून म्हणाला, "एक म्हणतोय हात वर कर. दुसरा म्हणतोय खाली झोप. तिसरा म्हणतोय हलू नकोस. बाई, यातलं कुठलं ठेवायचं आणि कुठलं खोडायचं, ते मला कुणी सांगितलंच नाही."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही पोलिसांसमोर सांगाल?"

समितीचा निकाल लागला. उंच हवालदाराला काही महिने निलंबित केलं, आणि त्या चौकीपुरता नवा नियम झाला: मनानं आजारी माणसासाठी फोन आला तर सोबत नर्स जाईल, दार फोडायचं नाही, आणि बोलेल तो एकच जण. नियम कागदावर आला, पण तो शिकवायचा कुणी? न्यायाधीशबाईंनी पुन्हा दादाला विचारलं. दादा हो म्हणाला.

कप्ताननं त्याला बाजूला घेतलं. "दादा, पाहुणे आले की तू आतल्या खोलीत जातोस! तिथं हॉलभर वर्दीवाले असतील."

"मग शब्द नीट वापरावे लागतील," तो म्हणाला.

प्रशिक्षणाचा हॉल गच्च भरला होता. दादा इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला. उजवा हात थरथरत होता, तो त्यानं डाव्या हातात धरला. कप्तान दाराजवळ उभी होती. चक्कर आली तर धरायला म्हणून.

"तुम्हाला वाटतं मला काही ऐकू येत नसतं," दादानं सुरुवात केली. "उलट आहे. सगळंच ऐकू येतं आणि सगळं सारख्याच जोरानं. तुमच्या बुटांचा आवाज, खालच्या काकांचा टीव्ही, माझं रक्त. त्यात तुम्ही तिघं तीन हुकूम देता. मी हात वर केले, मग खाली वाकलो, मग हलू नये म्हणून तसाच थांबलो. आरशात बघितलं असतं तर मलाच हसू आलं असतं."

दोघंतिघं हसले, आणि लगेच थांबले. दादा बोलत राहिला. कप्तानला वाटलं, या माणसाला आपण जन्मापासून ओळखतो आणि आज पहिल्यांदा बघतोय. आजाराच्या ज्या विहिरीच्या काठावर ती वर्षानुवर्षं नुसती बसून होती, तिच्या तळाशी काय दिसतं ते तो वर येऊन सांगत होता. शांतपणे, अशा लोकांना, ज्यांनी त्याचा हात मोडला.

मागच्या रांगेतून एकजण उठला. तोच उंच हवालदार, निलंबन संपवून परत आलेला. हॉलमधल्या माना त्याच्याकडं वळल्या.

"हलू नकोस म्हणणारा मी होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही आमचं ऐकत नाही आहात."

"मी तिघांचंही ऐकत होतो," दादा म्हणाला.

हवालदार उभाच राहिला. बसावं की जावं, त्याला सुचेना. शेवटी दादाच म्हणाला, "बसा."

पुढं बरेच महिने बरे गेले. मग एका दुपारी डेपोच्या कंट्रोलरनं वायरलेसवरून कप्तानची बस थांबवायला लावली. खालच्या काकांचा फोन होता. दादाचं बिनसलं होतं, आणि काकांनी पोलिसांना कळवलं होतं. दुसऱ्या ड्रायव्हरला चावी देऊन ती घराकडं पळत सुटली. फुटलेलं दार, छताकडं वळलेला कॅमेरा, सगळं तिच्या डोळ्यांपुढं नाचत होतं.

दारात पोलिसांची गाडी उभी होती, पण भोंगा बंद. दोन शिपाई रस्त्यावरच थांबलेले. ती जिना चढून वळणावर आली आणि तिथंच थांबली.

घराच्या दारासमोर, वरच्या पायरीवर, तो उंच हवालदार बसला होता. टोपी मांडीवर, पट्टा काढून बाजूला, गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकलेले. एवढा आडदांड माणूस, पण जिन्यात मावेल इतकाच होऊन बसला होता. दोन पायऱ्या खाली नर्स होती. तिच्या खाली आत्या पर्स छातीशी धरून बसली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प होती. नर्सनं कप्तानला हातानंच खुणावलं: बसा.

आत दादा ओरडत होता. "जा! सगळे जा!"

"बाकीचे पोलीस खाली गेले," हवालदार हळू म्हणाला. "दाराशी मी एकटाच आहे. मीच बोलणार. तुम्हाला नको असेल तेव्हा नाही बोलणार."

मग तो खरंच बोलला नाही. बराच वेळ. आत काहीतरी आपटलं. तो जागचा हलला नाही.

"तो दिवा!" दादा आतून ओरडला. "दाराखालून आत येतोय!"

हवालदारानं उठून जिन्यातला दिवा मालवला आणि परत बसला. "बंद केला."

"श्वास किती जोरात घेतोस!"

"धाप लागलीय. तीन मजले चढून आलो. कमी करतो."

भिंतीवरच्या झरोक्यातलं ऊन सरकत सरकत पायऱ्यांवरून खाली उतरलं. कप्ताननं बसमध्ये दांडगाई बघितली होती, दांडगाईला घाबरणारेही बघितले होते. पण अंगात एवढं बळ असून ते असं मांडीवर हात ठेवून आवरून धरणारा माणूस तिनं कधी पाहिला नव्हता. भर दुपारी, एका साध्या जिन्यात, आपण काहीतरी फार मोठं बघतोय, असं तिला वाटत राहिलं. हलली तर ते मोडेल या भीतीनं ती डोळ्यांतलं पाणीही पुसेना.

आत कपाट सरकल्याचा आवाज झाला. दार किलकिलं झालं. दादा बाहेर आला. केस विस्कटलेले, अनवाणी. हवालदारानं त्याला हात लावला नाही. नुसता थोडा बाजूला सरकला. दादा त्याच्या शेजारी पायरीवर बसला.

"घाबरलास?" दादानं विचारलं.

"हो."

"मीपण."

थोड्या वेळानं नर्सनं पाण्याचा पेला वर केला आणि दादानं तो घेतला. मग तो इस्पितळात जायला आपल्या पायांनी जिना उतरून गाडीत बसला.

कप्तानला हवालदाराशी बोलायचं होतं. आभार मानावेत, तर मोडलेला हात आठवत होता. न मानावेत, तर तो जिना डोळ्यांपुढून हलत नव्हता. ती त्याच्यापुढं नुसती उभी राहिली. त्यानं पट्टा बांधला, टोपी घातली, "येतो, ताई," म्हणाला आणि गेला. रात्री जेवताना आत्यानं विचारलं, "माफ केलंस का गं त्याला?" कप्तान म्हणाली, "ते दादा ठरवेल. मी अजून बघतेय."

दादा काही आठवड्यांनी बरा होऊन घरी आला. सगळीकडं असं घडलं असं मात्र नाही. नदीपलीकडच्या चौकीतल्या साहेबांनी समितीला बाहेर ताटकळत ठेवलं, आणि कोठडीची चावी सापडत नाही म्हणून सांगितलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "सापडेपर्यंत बसू." कप्तान त्यांच्याबरोबर बसली, आणि चावी सापडली. नवा नियम सगळ्या चौक्यांना लागू करायची मागणी समितीनं लावून धरली. त्याचं भांडण अजून चालू आहे.

त्या वर्षीच्या नव्या भरतीसाठी प्रशिक्षण केंद्रानं दादाला पुन्हा बोलावलं. कप्ताननं त्या दिवशी सुट्टी टाकली आणि दोघं चालतच निघाली. केंद्राच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं दादाला बघितलं, टाचा जुळवल्या आणि खाडकन सलाम ठोकला. दादा दचकून थांबला. कुणी मोठे साहेब येतायत की काय म्हणून त्यानं मागं वळून बघितलं. मागं रिकामा रस्ता होता.

"तुलाच केला," कप्तान म्हणाली.

दादानं शर्टाची कॉलर सारखी केली आणि तो आत गेला.