अक्कानं माझ्यासाठी रडावं म्हणून

हे मला नीट आठवतं का, याचीच आधी शंका आहे. साल एकाहत्तर की बाहत्तर? पण माझी फजिती झाली ती खरी. ती विसरता आली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा मी नागपूरच्या कॉलेजात शिकवायचो आणि सुट्टीत पारशिवनीच्या पलीकडे, मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागलेल्या खेड्यांतल्या रूढी टिपत हिंडायचो. त्यांवर लेखमाला लिहायची होती. एका सकाळी मला रूढी सांगणाऱ्या कासाबाईंच्या अंगणात बसलो होतो आणि एक कावळा माझ्या डोक्याला पाय लावून गेला.

कासाबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मास्तर, तुमी मेले असा बहिणीले सांगावा धाडा. ते रडली का अरिष्ट टळते. मंग खरं सांगाचं."

ही रूढी हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे, हे मी आदल्याच दिवशी उतरवून घेतलं होतं. मग हसून सोडून द्यायचं की नाही? पण तुम्हाला म्हणून सांगतो, माझा धीर झाला नाही. वर मनाला समजावलं, हाही अभ्यासच! कासाबाईंचा पुतण्या उमरेडच्या खाणीत कामाला होता आणि त्याच दिवशी निघत होता. माझी थोरली बहीण, अक्का, उमरेडलाच. दिला निरोप.

दुसऱ्या दिवशी खरं सांगायला मी उमरेडची एसटी धरली. अक्कानं छाती धरली असेल तर?

अक्का ओसरीवर वांगी चिरत होती. "आला? हात धू."

निरोप मिळाला होता. निरोप्या जेवूनही गेला होता.

"मग तू रडली नाहीस?"

"काहून रडू गा? मयताचा सांगावा आणनारा दुसऱ्यांदा भाजी मागते काय? तुले कावळा शिवला असन, मले समजलंच."

"अक्का, थोडं तरी रड."

तिनं पदर डोळ्यांना लावला आणि हसत सुटली. शेजारणी जमल्या. एकीनं अक्काच्या सुनेला सुचवलं, "इले कांदा दे वं." सून हसत उभी राहिली. मीच आत धावलो आणि कांदा सोलत बाहेर आलो. पाणी आलं ते माझ्याच डोळ्यांना. स्वतःच्या रडण्यानं अरिष्ट टळतं का, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

लेखमाला राहिली. पुढे साधा ताप आला तरी मी हबकायचो.

अक्का गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली, तेव्हा तिच्या सुनेला धीर करून विचारलं, की अक्का तेव्हा खरंच रडली नव्हती का?

"रडल्या ना, मामाजी. तुमची बस गेल्यावर. लई रडल्या. म्हने, एवढं शिकवलं मी याले, अन् हा असा निघाला."