काचेवर वर चढणारं पाणी

मी अमरावतीत कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. कुणी अमानवीय वगैरे सांगायला लागलं की माझा प्रश्न ठरलेला... "मोजलं का?" तर हे मोजलंय. आठ सेकंद.

तीन वर्षांपूर्वी मी रफिकचाचांकडून मोठा लाकडी कॅमेरा वापरायला शिकत होते. परतवाड्याला त्यांचा स्टुडिओ होता, आता बंद झालाय. या कॅमेऱ्यात रोल नसतो. एका वेळी तळहाताएवढी एकच फिल्म. मागच्या दुधी काचेवर दृश्य उलटं दिसतं, आभाळ खाली अन् जमीन वर. तेही डोक्यावर काळं कापड घेतलं तरच. माझ्या पहिल्या अकरा फिल्म वाया गेल्या होत्या. दोन उरल्या होत्या. त्याही बिघडल्या तर चाचांचा कॅमेरा परत करायचा, असं मी ठरवलेलं.

मे महिना. पहाटे साडेपाच, सूर्य वर यायचा होता. चिखलदऱ्याच्या अलीकडे दरीच्या काठावर मी एकटीच. समोरच्या कड्यावरून पावसाळ्यात धबधबा पडतो. तेव्हा तो ठणठणीत कोरडा होता. मी कापडाखाली शिरले.

काचेवर पाणी होतं.

पांढरंशुभ्र, खालून वर चढणारं... म्हणजे खरं तर पडणारं. आवाज अजिबात नाही. मी कापड भिरकावलं. कडा कोरडा, आणि धबधब्याच्या जागी एक वानर निवांत बसलेलं! पुन्हा आत गेले — पाणी. तीनदा पाहिलं. भीती नाही वाटली हो. मी फिल्म सरकवली, शटर उघडलं, आठ आकडे मोजले. पुन्हा काचेवर पाहिलं तर नुसता दगड. उरलेल्या फिल्मवर तसाच, त्याच जागेवरून फोटो काढला.

घरी बाथरूममध्ये अंधार करून दोन्ही धुतल्या आणि ओल्याच उजेडात धरल्या. दुसऱ्या फिल्मवर कोरडा कडा. पहिलीवर धबधबा...

दुसऱ्या दिवशी चाचांनी पहिली फिल्म भिंगातून पाहिली.

"बेटा, पावसाळ्यातला फोटो काहून दाखवून राहिली मले?"

"चाचा, कालचा आहे."

त्यांनी दोन्ही निगेटिव्ह एकमेकींवर ठेवल्या. कड्याची भेग न् भेग जुळत होती. फिल्मही आधी वापरलेली नव्हती; पाकीट माझ्याच हातानं फोडलेलं.

"पान्याले रेशमासारखी धार आली," ते हळूच म्हणाले. "शटर उघडं असताना पानी हललं, म्हनून. मले घेऊन चाल तिथं."

गेलो. गुडघे दुखत असूनही ते कापडाखाली बराच वेळ उभे राहिले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल.

"दिसलं?"

"नाही." त्यांनी कापडाची नीट घडी घातली. "चाळीस वर्सं या काचेत पायलं मी. मले नाही दिसलं. तुले दिसलं. तू कॅमेरा ठेव."

तेव्हापासून दर मेमध्ये आम्ही दोघं जातो. यंदाही गेलो. कडा कोरडाच. मी लेन्स तपासली, फिल्म तपासली, जाणकारांना विचारलं. कुठेच दोष सापडला नाही. पण कापडाखाली शिरताना आजही मी एक कोरी फिल्म हाताशी ठेवते, आणि बाहेर उभे असलेले चाचा कड्यावर नजर लावून राहतात.