दत्तूची तयारी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या भावकीतले नाही — आमच्यात एका कानाला कळलं की सगळ्या शिवाराला कळतं.

तसं माझं बरं चाललंय. खोटं कशाला बोलू? नेवाशाकडचं बागायती सासर, नवरा तोंडाचा फटकळ पण मनाचा चांगला. आई आणि माझा धाकटा भाऊ दत्तू आता माझ्यापाशीच असतात. दत्तू एवढा बाप्या झाला, पण समज पाच-सहा वर्षांच्या पोराची. शेळ्या मात्र त्याच्याच हाकेला येतात, मला विचारत नाहीत! त्याला अपंगाचा दाखला आहे, त्यावर सरकारचा महिन्याचा निराधारचा पगार आहे. एसटीत कंडक्टरला कार्ड असं ऐटीत दाखवतो की बघत राहावं.

पण हा दाखला लई आधी मिळायला हवा होता. पहिल्या तपासणीतच. का नाही मिळाला? आई अजून म्हणते, "मुडदा बशिवला त्या डाक्टरचा, डोळे हुते का खोबण्या?"

डॉक्टर भला माणूस होता. त्याला जे दिसलं तेच त्यानं लिहिलं.

आमचं माहेर पाथर्डीकडचं, कोरडवाहू. वडील नव्हते. दिवाळी झाली की आई चुलत्यांच्या टोळीबरोबर ऊस तोडायला जायची, दत्तूला घेऊन — त्याला सांभाळणार कोण? मी मामाकडं राहून शिकत होते. दत्तूचा पगार सुरू झाला की कोयता खाली ठेवते, दोन शेळ्यांवर भागवते, असं आई म्हणायची. त्या पगारावर तिची सगळी आशा होती.

तपासणीची तारीख आली. आमच्याकडं कुणापुढं जायचं म्हणजे माणूस चांगलंच दिसलं पाहिजे — मुलगी पाहुण्यांना दाखवायची असो, की पोरगं डॉक्टरला. आईनं नवा शर्ट घेतला, साहेबाला नमस्कार कर, नीट बोल, म्हणून बजावलं. बिचारीला वाटलं, नीट वागला तर साहेब खूश होऊन सही करतील. मला कळत होतं की हे उलटं आहे. त्याला समज कमी आहे हे दिसलं, तरच दाखला मिळणार. कळत होतं — आणि मी गप्प बसले.

नुसती गप्प बसले असते तर?

नाही. ओळखीच्या एका बाईचा मुलगा नुकताच तपासून आला होता. काय काय विचारतात ते तिच्याकडून गोड बोलून काढून घेतलं. नाव, गाव, नोटा ओळखणं, चित्रं जुळवणं, हरवलास तर काय करशील. सुट्टीत घरी येऊन रोज दत्तूला समोर बसवून घोकून घेतलं. बरोबर आलं की शेंगदाणे-गूळ. चुकला की चिमटा. हो — काढले मी चिमटे.

कारण माझं स्थळ जमत आलं होतं. सरकारी कागदावर माझा भाऊ मतिमंद लागला तर पाहुणे काय म्हणतील? घराण्यात खोट आहे म्हणतील. एवढीच भीती. दुसरं काही नाही.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरपुढं दत्तू खडाखडा बोलला. मध्येच माझ्याकडं बघून हसला, शाबासकीसाठी. मी मान डोलावली. अपंगत्वाचे टक्के कमी भरले, दाखला नाही आणि पगारही हुकला.

आई परत फडात गेली. दत्तूही गेला. थंडीवाऱ्यात दोघं पालात झोपायची, आणि इकडं मी नवी नवरी गादीवर. आणि गंमत ऐका — लग्नानंतर नवरा सहज म्हणाला, तुझ्या भावाचं मला आधीच ठाऊक होतं, मामांनीच सांगितलेलं. तेव्हा तरी तोंड उघडायचं ना मी? नाही उघडलं. हंगामामागून हंगाम गेले.

पुढं दोघांना इकडं आणलं. दत्तूची पुन्हा तपासणी झाली. या खेपेला मी काही शिकवलं नाही, आणि दाखला मिळाला.

आता आईचे गुडघे गेलेत. ओसरीवर बसून शेजारणींना सांगते, "आमच्या मंगलनं भावापायी लई केलं. रोज पुढ्यात बसवून शिकवायची त्याला. असली भन देव सगळ्यांना देवो." बायका माझ्याकडं कौतुकानं बघतात. मी गहू निवडत राहते.

आणि खरं सांगू? मला ते ऐकायला आवडतं.